फवारणीचे ‘औषध’ आणि फवारणाऱ्याचे रक्षण

पिकावर कीड पडली की ‘औषध मारले पाहिजे’ असे शेतकरी म्हणतो. हा शब्द इतका रूढ झाला आहे की, त्यात काही चूक आहे असे कोणास वाटत नाही. परंतु औषध हे रोग्यास बरे करण्यासाठी असते. आणि पिकावर जे फवारले जाते ते किडीचा जीव घेण्यासाठी असते. ते पिकाच्या बाबतीत उपकारक असले, तरी फवारणाऱ्याच्या बाबतीत विषच होय. ज्या वस्तूस औषध म्हणावयाचे तिच्याविषयी मनात भीती रहात नाही, आणि जिची भीती नाही तिच्यापासून अंग जपण्याची सवयही लागत नाही. म्हणून या लेखात त्या वस्तूस तिच्या खऱ्या नावाने, म्हणजे कीटकनाशक किंवा विष असेच म्हटले आहे.

नाणेघाटाच्या पायथ्याशी वसलेले वैशाखरे आणि मुरबाड व शहापूर तालुक्यांतील त्याच्यासारखी इतर गावे हा भरपूर पावसाचा मुलूख आहे. खरिपात भात, वरकस जमिनीवर नागली व वरी, भात निघाल्यावर वाल व हरभरा, आणि पाण्याची सोय असेल तेथे भेंडी, काकडी, कारली व वांगी, अशी येथील शेती. आषाढाच्या पावसात लावणीस जाणारी बाई इरले घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. पुरुषही घोंगडी किंवा प्लॅस्टिकची खोळ डोक्यावर घेतो. पाऊस अंगात मुरला तर दुखणे येते हे येथील प्रत्येकास ठाऊक आहे. परंतु तोच मनुष्य पाठीवर पंप घेऊन विषाच्या तुषारांत शिरतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या अंगात बनियन, कमरेस आखूड चड्डी आणि तोंडास फार तर एक ओला रुमाल असतो. पाण्यापासून अंग झाकावयाचे आणि विषाला मात्र ते मोकळे सोडावयाचे, ही रीत उलटी आहे.

यवतमाळचा धडा

ही भीती काल्पनिक नाही. २०१७ सालच्या पावसाळ्यात विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मृत्यू पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. काहींच्या दृष्टीवरही परिणाम झाला. शासनाने या घटनांच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमले, आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भात काही काळ बंदी घातली.

या दुर्घटनेमागे एकच कारण नव्हते. अनेक कारणे एकत्र आली होती. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीइतकी, काही ठिकाणी त्याहूनही उंच वाढली होती. त्यामुळे तुषार पायाकडे न पडता तोंडावर व छातीवर येत होते. हवा उष्ण व दमट होती. जोराने फवारा फेकणारे नवे पंप वापरात आले होते. दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळण्याची पद्धत पडली होती. एकच मजूर दिवसामागून दिवस फवारणी करीत होता, आणि अंगावर संरक्षक पोशाख बहुधा नव्हता.

मुरबाडमध्ये कपाशी नाही म्हणून हा धडा आपल्यासाठी नाही, असे समजणे धोक्याचे होईल. दमट हवा येथे विदर्भाहून अधिक आहे. मांडवावर चढलेली कारली व काकडी फवारताना नळीचे तोंड डोक्याच्या वर धरावे लागते आणि तुषार अंगावरच उतरतात. भेंडीचे पीक वाढले की तेही छातीस लागते. कपाशीच्या रानात जे घडले ते भाजीच्या मळ्यात घडण्यास लागणाऱ्या बहुतेक गोष्टी येथे हजर आहेत.

विष अंगात शिरते कसे

विष पोटात गेले तरच बाधते, असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात विषाला शरीरात शिरण्यास तीन वाटा आहेत : तोंड, श्वास आणि त्वचा. फवारणाऱ्याच्या बाबतीत यांपैकी सर्वांत मोठी वाट त्वचेची होय. तेलकट द्रवातील कीटकनाशक कातडीवर पडले की ते हळूहळू आत झिरपते. त्यामुळे आग होईल किंवा फोड येईल असेही नाही. शरीराच्या सर्व भागांची त्वचा सारखी नसते. पॅराथिऑन या जुन्या कीटकनाशकावर केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, कोपराखालील हाताच्या मानाने डोक्याच्या त्वचेतून ते सुमारे पावणेचार पट, कानाच्या आतील भागातून पाच पटींहून अधिक आणि जांघेतील नाजूक त्वचेतून सुमारे १२ पट शोषले जाते. म्हणून गळक्या पंपातून पाठीवरून कमरेकडे ओघळणारी धार ही हातावर पडलेल्या थेंबापेक्षा कितीतरी अधिक घातक असते. घामाने भिजलेली, खरचटलेली किंवा चिरा पडलेली त्वचा विषास आणखी लवकर वाट देते.

शरीरात गेल्यावर ते काय करते, हेही समजून घेतले पाहिजे. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी स्फुरदयुक्त सेंद्रिय कीटकनाशके शरीरातील कोलिनेस्टरेज नावाच्या द्रव्यास निकामी करतात. मज्जातंतूकडून स्नायूस हुकूम गेला की तो हुकूम वेळीच थांबविणे हे या द्रव्याचे काम. ते निकामी झाले की हुकूम थांबत नाही. स्नायू फडफडू लागतात, घाम, लाळ व डोळ्यांतून पाणी वहात राहते, छातीत कफ दाटतो, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून बंद पडतात.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, रक्तातील तांबड्या पेशींमधील हे द्रव्य एकदा निकामी झाले की ते दिवसाला सुमारे शेकडा १ इतक्याच गतीने भरून येते. आज थोडे विष अंगात गेले आणि काही त्रास झाला नाही, म्हणून उद्या पुन्हा फवारणीस गेलेला मनुष्य कालच्या तोट्यावर आजचा तोटा चढवीत असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी तो अचानक कोसळतो, आणि ‘इतके दिवस काही झाले नाही, आजच कसे झाले?’ असे घरचे लोक विचारतात. ‘मला विष बाधत नाही, मला सवय आहे’ असे म्हणणाऱ्या अनुभवी फवारणाऱ्याचा हिशेब येथेच चुकतो. विषाची सवय होत नाही. त्याची बाकी चढत जाते.

कारखान्यातील क्रम शेतात

मुरबाड येथे औद्योगिक वसाहत आहे आणि खेड्यापाड्यांतील अनेक तरुण तेथील कारखान्यांत कामास जातात. कारखान्यात यंत्राच्या फिरत्या पट्ट्यास जाळी बसविलेली असते, धोक्याच्या जागी पाटी असते, डोळ्यांस चष्मा व हातांस मोजे द्यावे लागतात. १९४८ सालच्या कारखाने कायद्याने ही जबाबदारी मालकावर टाकली. कीटकनाशकांच्या बाबतीतही असेच झाले. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या गव्हाच्या पिठामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली. हे पीठ व कीटकनाशक एकाच जहाजातून आले होते. त्या घटनेनंतर नेमलेल्या चौकशीतून १९६८ सालचा कीटकनाशक कायदा व १९७१ सालचे नियम आले. या नियमांत विष हाताळणाऱ्यास संरक्षक कपडे व श्वसनाची साधने पुरविण्याबद्दल तरतुदी आहेत. कायदा आहे, परंतु शेताच्या बांधावर कारखान्यातल्यासारखा पर्यवेक्षक उभा नसतो. तेथे शेतकऱ्याने स्वतःच पर्यवेक्षक व्हावे लागते.

कारखान्यातील सुरक्षेचा एक क्रम ठरलेला आहे. प्रथम धोकाच टाळता येतो का ते पहावयाचे; नाही तर त्या जागी कमी धोक्याची वस्तू घ्यावयाची; नंतर यंत्र व कामाची रीत सुधारावयाची; आणि यानंतरही जो धोका उरतो त्यासाठी अंगावर संरक्षक पोशाख चढवावयाचा. पोशाख ही शेवटची भिंत आहे. केवळ मास्क विकत घेतला म्हणजे काम झाले, असे समजणारा मनुष्य पहिल्या तीन भिंती पाडून चौथीच्या आश्रयास बसतो. शेतातही हाच क्रम धरावा.

पहिली भिंत : नको असलेली फवारणी टाळणे

कीड दिसली की लगेच पंप उचलू नये. भातावरील खोडकिडीचे मादी पतंग पानाच्या शेंड्याजवळ अंडी घालतात; म्हणून लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून नष्ट केले की पुष्कळशी अंडी फवारणीवाचूनच जातात. खाचरात पक्ष्यांना बसण्यासाठी काठ्या रोवाव्या, प्रकाश सापळा लावावा, बांधावरील गवत काढावे. तुडतुड्यांचा उपद्रव होणाऱ्या खाचरात लावणी दाट करू नये व मधूनमधून मोकळे पट्टे सोडावे. खोडकिडीने सुकलेले पोंगे शेकडा ५ च्या आसपास पोहोचले, तरच फवारणीचा विचार करावा. न केलेल्या फवारणीपासून कोणास विषबाधा होत नाही, आणि खर्चही वाचतो.

दुसरी भिंत : डब्यावरील रंग पाहून निवड

कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागास रंग दिलेला असतो. अक्षर न वाचता येणाऱ्यासही हा रंग ओळखता येतो. लाल रंग म्हणजे अतिशय जहाल विष. त्यावर कवटी व हाडांचे चिन्ह असते. पिवळा म्हणजे जहाल विष. निळा म्हणजे मध्यम विषारी. हिरवा म्हणजे त्यामानाने कमी विषारी. प्रयोगातील प्राण्यांच्या वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम विष तोंडावाटे दिले असता निम्मे प्राणी मरतात, यावरून ही वर्गवारी ठरविलेली आहे. लालसाठी हा आकडा १ ते ५०, पिवळ्यासाठी ५१ ते ५००, निळ्यासाठी ५०१ ते ५,००० आणि हिरव्यासाठी ५,००० च्या वर आहे. मोनोक्रोटोफॉस लाल वर्गात, क्लोरपायरीफॉस पिवळ्या वर्गात, मॅलॅथिऑन निळ्या वर्गात आणि मँकोझेब हे बुरशीनाशक हिरव्या वर्गात मोडते. एकाच किडीसाठी दोन शिफारशी असतील तर खालच्या वर्गातील द्रव्य घ्यावे. मात्र हिरवा रंग म्हणजे निर्धोक असा अर्थ मुळीच नाही. काळजी सर्वांच्याच बाबतीत घ्यावयाची असते.

जुन्या साठ्याकडेही लक्ष द्यावे. भाताच्या रोपवाटिकेत पूर्वी सर्रास टाकले जाणारे फोरेट, तसेच डायक्लोरव्हॉस, फॉस्फामिडॉन व ट्रायझोफॉस ही द्रव्ये केंद्र शासनाच्या २०१८ सालच्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून बंद करण्यात आली. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर तर त्याच्याही पूर्वीपासून बंद आहे. कोणाच्या माळ्यावर किंवा गोठ्याच्या आढ्याला असे डबे असतील तर ते वापरू नयेत. त्याबाबत कृषी कर्मचाऱ्यास कळवावे. विक्रेत्याकडून पक्के बिल घ्यावे, आणि दोन-तीन द्रव्ये एकत्र करण्याचा सल्ला कोणी दिला तर शिफारस पाहिल्याशिवाय तो मानू नये. एकत्र केल्याने कीड अधिक मरेल याची खात्री नसते. परंतु फवारणाऱ्यास मात्र सर्वच विषांना एकदम तोंड द्यावे लागते.

तिसरी भिंत : पंप व कामाची रीत

पंप शेतावर नेण्यापूर्वी त्यात साधे पाणी भरून पहावे. झाकणाची चकती, नळीचा जोड किंवा मूठ गळत असल्यास दुरुस्ती झाल्याशिवाय विष भरू नये. झाकणाजवळची गळती दिसावयास लहान, परंतु ती सरळ पाठीवर उतरते.

सर्वांत अधिक धोका द्रावण तयार करतेवेळी असतो. कारण त्या वेळी पाणी न मिसळलेले निव्वळ विष हाताळावे लागते. हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, मुलेबाळे व गुरेढोरे दूर ठेवून करावे. मापासाठी डब्याबरोबरचे मापच वापरावे. बाटलीच्या बुचाने किंवा अंदाजाने ओतू नये. द्रावण लांब काठीने ढवळावे, हाताने कधीही ढवळू नये. पंप काठोकाठ भरू नये. विहीर, ओढा किंवा पिण्याच्या पाण्याच्या जागेजवळ हे काम करू नये. मुरबाडच्या ओढ्यांचे पाणी पुढे काळू नदीस मिळते आणि खालच्या गावांचे लोक तेच पाणी वापरतात.

फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी. याने दोन गोष्टी साधतात. उन्हाचा ताप कमी असल्याने संरक्षक पोशाख अंगावर सहन होतो, आणि घाम कमी आल्याने त्वचेतून विष कमी शिरते. वाऱ्याच्या दिशेनेच फवारावे. वारा समोरून येत असेल तर फवारणी बंद ठेवावी. वेल मांडवावर असतील तर फवारणाऱ्याने मागे सरकत जावे, म्हणजे नुकत्याच फवारलेल्या ओल्या पानांतून जावे लागत नाही. नळीचे तोंड चोंदले तर ते तोंडाने फुंकून मोकळे करण्याची सवय पुष्कळांस आहे. ही सवय प्राणघातक आहे. एक जुना दात घासावयाचा ब्रश पंपाच्या पट्ट्यास बांधून ठेवावा आणि त्यानेच ते साफ करावे.

काम चालू असता तंबाखू मळणे, विडी ओढणे, मशेरी लावणे किंवा भाकरी खाणे पूर्णपणे टाळावे. तहान लागल्यास शेताबाहेर येऊन, साबणाने हात व तोंड धुऊन मगच पाणी प्यावे. एकाच माणसास दररोज फवारणीस न लावता पाळीपाळीने माणसे बदलावी. मुले, गरोदर स्त्रिया व अंगावर पाजणाऱ्या माता यांना या कामास, तसेच विषाने भिजलेले कपडे धुण्यासही, लावू नये.

चौथी भिंत : संरक्षक पोशाख

डोक्यापासून पायापर्यंत पोशाखाचा विचार पुढीलप्रमाणे करावा.

डोके : कान व मानेचा मागचा भाग झाकेल अशी टोपी घालावी. फेटा किंवा टॉवेल बांधावयाचा असल्यास तो जाड असावा व दररोज धुवावा. कालच्या फवाऱ्याने भिजून वाळलेला टॉवेल हा डोक्यावर बांधलेला विषाचा पट्टाच होय.

डोळे : बाजूंनीही बंद असलेला पारदर्शक चष्मा वापरावा. उन्हाचा साधा चष्मा बाजूने उघडा असल्याने पुरेसा नाही.

नाक व तोंड : ओला रुमाल हे संरक्षण नव्हे. तो तुषार शोषून घेतो आणि श्वासाबरोबर तेच विष नाकाशी धरून ठेवतो. कागदी मास्क धूळ व भुकटी अडवितो, वाफ अडवीत नाही. जहाल कीटकनाशकासाठी कोळशाची डबी बसविलेला मास्क घ्यावा. तो तोंडास घट्ट बसतो की नाही हे पहावे, आणि मास्क लावूनही विषाचा वास येऊ लागला की डबी बदलावी.

हात : नायट्रिल जातीच्या रबराचे, मनगटाच्या वर जाणारे मोजे उत्तम. कापडी किंवा चामड्याचे मोजे विष शोषून घेतात, म्हणून ते वापरू नयेत. फवारा खाली जात असेल तर सदऱ्याच्या बाह्या मोज्यांच्या वर घ्याव्या. हात वर करून मांडव फवारावयाचा असेल तर बाह्या मोज्यांच्या आत घ्याव्या, म्हणजे ओघळ बाहीत शिरत नाही. काम संपल्यावर मोजे हातातच असताना प्रथम ते साबणाने धुवावे व मग काढावे.

अंग : पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा व लांब विजार घालावी. त्यावर पुढून प्लॅस्टिकचा किंवा रबरी पट्टीचा एप्रन आणि पाठीवर, पंपाखाली, प्लॅस्टिकचा तुकडा बांधावा. येथील घरोघरी पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद असतोच. त्यातून फवारणीसाठी एक तुकडा वेगळा काढून त्यावर खूण करावी व तो दुसऱ्या कोणत्याही कामास वापरू नये. सर्वांगास गुंडाळलेला प्लॅस्टिक पोशाख मात्र उन्हात घालू नये. त्यात उष्णतेने घेरी येण्याचा धोका असतो.

पाय : गमबूट घालावे व विजार बुटांच्या आत न खोचता बाहेर ठेवावी, म्हणजे ओघळ बुटात जात नाही.

भातखाचरातील अडचण

गमबूट घालून चिखलात चालता येत नाही, बूट रुततात, अशी तक्रार भातशेतकरी करतात व ती खरी आहे. यावर उपाय असा की, फवारणीपूर्वी खाचरातील पाणी शक्य तेवढे काढून टाकावे. तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी असतात, त्यामुळे पाणी काढल्याने फवाराही योग्य जागी पोहोचतो. लहान खाचरात बांधावरूनच जेवढे फवारता येईल तेवढे फवारावे. तरीही अनवाणी उतरावेच लागले तर काम संपताच पाय मांड्यांपर्यंत साबणाने धुवावे. लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडलेल्या असतात. अशा पायांनी विषाच्या पाण्यात उतरणे म्हणजे उघड्या जखमेवर विष ओतणे होय. चिखल्या बऱ्या होईपर्यंत त्या माणसास या कामातून वगळावे.

काम संपल्यानंतर

घरात शिरण्यापूर्वी कपडे काढून बाजूस ठेवावे आणि साबण व भरपूर पाणी घेऊन केसांसकट अंघोळ करावी. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता, हातमोजे घालून वेगळे धुवावे व उन्हात वाळवावे. ओढ्यावर किंवा विहिरीच्या पायरीवर ते धुऊ नयेत. उरलेले कीटकनाशक त्याच्या मूळ डब्यातच, कुलपात, मुलांच्या हातास लागणार नाही असे ठेवावे. दारूच्या, सरबताच्या किंवा तेलाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. रिकामा डबा तीन वेळा धुऊन ते पाणी पंपातच ओतावे, मग डबा ठेचून व भोके पाडून वस्तीपासून व पाण्यापासून दूर पुरावा. रिकाम्या डब्यात पाणी, रॉकेल किंवा धान्य ठेवणे हे घरादारावर संकट ओढवून घेणे होय. फवारलेल्या शेतात तुषार पूर्ण वाळेपर्यंत कोणी जाऊ नये, आणि डब्यावर सांगितलेले दिवस पुरे झाल्याशिवाय भाजी तोडून बाजारात पाठवू नये.

विषबाधा झाल्यास

डोके दुखणे, मळमळ, खूप घाम व लाळ, डोळ्यांपुढे अंधारी, बाहुल्या बारीक होणे, पोटात पेटके, स्नायू फडफडणे, छाती भरून येणे ही विषबाधेची लक्षणे होत. फवारणीच्या दिवशी अशी लक्षणे दिसली तर ‘ऊन लागले’, ‘पित्त झाले’ असे म्हणून वेळ घालवू नये. पुढील गोष्टी क्रमाने कराव्या :

१. रोग्यास लगेच शेताबाहेर मोकळ्या हवेत आणावे.
२. मदत करणाऱ्याने हातात मोजे घालून रोग्याचे भिजलेले कपडे काढावे व सर्व अंग साबणाने धुवावे. डोळ्यांत गेले असल्यास स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावे.
३. रोगी बेशुद्ध होत असेल तर त्यास कुशीवर निजवावे, म्हणजे ओकारी श्वासनळीत जात नाही.
४. मिठाचे पाणी, लिंबू, दूध, तूप किंवा अन्य घरगुती उपाय करू नयेत. जबरदस्तीने ओकारी करवू नये.
५. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व जवळच्या शासकीय रुग्णालयात न्यावे.
६. कीटकनाशकाचा डबा किंवा त्यावरील कागद डॉक्टरांस दाखविण्यासाठी बरोबर न्यावा.

शेवटची सूचना क्षुल्लक वाटते, परंतु उपचार विषाच्या जातीवर अवलंबून असतात. स्फुरदयुक्त विषावर ॲट्रोपीनचे इंजेक्शन उपयोगी पडते. दुसऱ्या काही विषांवर त्याचा उपयोग नसतो. दोन-तीन द्रव्ये मिसळलेली असतील तर सर्व डबे न्यावे. घाटाखालील गावांतून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता लांबचा आहे. म्हणून शेतावरच केलेली अंग धुण्याची घाई कित्येकदा जीव वाचविणारी ठरते.

कर्तव्य कोणाचे

फवारणी पुष्कळदा मजुराकडून करून घेतली जाते. मजुरास डबा वाचता येत नाही, कोणते विष मिसळले आहे हे त्यास सांगितले जात नाही, आणि पोशाख विकत घेण्याइतकी त्याची मिळकत नसते. पंप शेतमालकाचा, विष शेतमालकाचे, पीकही त्याचेच. मग संरक्षक पोशाख मात्र मजुराने आणावा, हे न्यायाचे नाही. ज्याप्रमाणे कोयता व विळा मालक पुरवितो, त्याचप्रमाणे मोजे, चष्मा, मास्क व साबण हे फवारणीच्या अवजारांचाच भाग समजून मालकाने पुरवावे. एकट्यास खर्च जड वाटत असेल तर चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून पोशाखाचे दोन संच घ्यावे व पंपाबरोबर ते फिरवावे. मास्कची डबी व मोजे मात्र वेळोवेळी बदलावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम केवळ सभेत सांगून सोडू नये. खरीप सुरू होण्यापूर्वी गावातील पंप एका जागी आणवून साध्या पाण्याने तपासावे. पंपात रंगीत पाणी भरून एखाद्या तयार गृहस्थास पांढरा सदरा घालून ते फवारावयास लावावे. अंगावर कोठे कोठे रंग उमटला हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले म्हणजे पुढचे व्याख्यान पुष्कळसे आपोआप होते. फवारणी कोण करतो, किती दिवस सलग करतो, याची चौकशी करावी, आणि सलग काम करणाऱ्यास विश्रांती देण्याविषयी मालकास सांगावे. डब्यावरील चार रंगांचा तक्ता ग्रामपंचायतीत, शाळेत व कीटकनाशकाच्या दुकानात लावावा. शाळेतील मुलांनी तो शिकला की तो घरोघर पोहोचतो.

गेलेले पीक पुढील हंगामात पुन्हा उभे करता येते. फवारणारा माणूस गेला तर ते घर उभे करता येत नाही. म्हणून पंप पाठीवर घेण्यापूर्वी प्रत्येकाने क्रमाने चार प्रश्न विचारावे : ही फवारणी खरोखर हवी आहे का? याहून कमी जहाल द्रव्य आहे का? पंप व वारा ठीक आहे का? आणि अंग झाकलेले आहे का? या चारही प्रश्नांचे समाधानकारक उत्तर मिळाल्यावरच डब्याचे झाकण उघडावे.